आभाळातला दुसरा आवाज

१९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण खात्याचे मंत्री होते. या सेवेचं मध्यवर्ती ठाणं होतं आपलं नागपूर. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक डाकोटा विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं सोनेगावच्या धावपट्टीवर उतरायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाचलं जायचं, ते या मध्यरात्रीच्या भेटीमुळे. जे. आर. डी. टाटांचा या योजनेला विरोध होता. रात्री विमानं उडवायला लागणारी साधनं आपल्याकडे पुरेशी नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी सेवा सुरू झाली आणि सत्तरच्या दशकापर्यंत चालली.

मला या गोष्टीतलं टपाल जितकं आवडतं, तितकाच त्यातला एक प्रश्न छळतो. चार दिशांनी चार विमानं, काळोखात, एकाच ठिकाणी, जवळजवळ एकाच वेळी येतात. ती एकमेकांवर आदळू नयेत याची काळजी कोण घेत होतं? विमानात तसलं यंत्र नव्हतं, कारण जगातच ते नव्हतं. त्या काळची पद्धत साधी होती. वैमानिक रेडिओवरून सांगायचा, मी अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर आहे. जमिनीवरचा नियंत्रक ते कागदावर टिपून घ्यायचा आणि सांगायचा, तू या उंचीवर थांब, तो खाली उतरला की मग तू ये. म्हणजे सगळा खेळ दिलेल्या शब्दाचा. ज्यानं चार हजार फुटांवर थांबतो म्हटलं, त्यानं चार हजारांवरच थांबायचं.

आता आमच्या एकोडीच्या आभाळाचं बघा. साकोली तालुक्यातलं हे गाव. धानाच्या बांधीत उभं राहून वर पाहिलं तर संध्याकाळच्या उन्हात पांढऱ्या रेघा ओढत जाणारी विमानं दिसतात. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी, दिल्लीहून दक्षिणेकडे उतरणारी. देशाच्या पोटाशी असल्यामुळे आडव्या आणि उभ्या दोन्ही वाटा नागपूरच्या आसपास एकमेकींना छेदतात. पारावर बसलेला एखादा हमखास विचारतो, एवढ्या गर्दीत ही धडकत कशी नाहीत? दुसरा सांगतो, अरे, त्यात आता मशीन असते, ती आपोआप वाचवते. मग तिसरा विचारतो, त्या मशीनचा भरवसा किती? हा तिसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर त्या यंत्राच्या जन्मकथेत आणि त्यानंतरच्या काही भयंकर तारखांत आहे.

आधी वेगाचं सांगतो, म्हणजे यंत्राची गरज कळेल. मोठं जेट विमान ताशी साधारण नऊशे किलोमीटर वेगानं जातं. अशी दोन विमानं समोरासमोर आली तर त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला अर्ध्या किलोमीटरनं कमी होतं. दहा किलोमीटरवरचं विमान म्हणजे आकाशातला एक ठिपका. तो दिसेपर्यंत, दिसला हे कळेपर्यंत, काय करायचं हे ठरवेपर्यंत वीस सेकंद संपलेली असतात. म्हणून वाटांना नियम आहेत. ढोबळ मानानं पूर्वेकडे जाणाऱ्यांनी विषम हजारांच्या उंचीवर जायचं, पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी सम हजारांच्या. एकोणतीस हजार फुटांच्या वर पूर्वी दोन मजल्यांत दोन हजार फुटांचं अंतर असायचं. गर्दी वाढली तसं ते निम्म्यावर आलं. आपल्याकडे २००३ च्या नोव्हेंबरपासून ते एक हजार फूट झालं. एक हजार फूट म्हणजे तीनशे मीटर. गावातल्या मशिदीपासून मारुतीच्या देवळापर्यंत जेवढं असेल तेवढंच.

या यंत्राचा विचार सुरू झाला तो अमेरिकेतल्या एका अपघातानंतर. ३० जून १९५६ रोजी सकाळी लॉस एंजेलिसहून दोन विमानं काही मिनिटांच्या अंतरानं निघाली. दोघांची वाट ग्रँड कॅन्यनच्या प्रचंड घळीवरून जात होती. दोन्ही एकवीस हजार फुटांवर, ढगांच्या आडोशानं, कुणाच्याही देखरेखीबाहेर. ती एकमेकांवर आदळली. एकशे अठ्ठावीस माणसं गेली, कुणीही वाचलं नाही. अमेरिकेनं मग हवाई वाहतुकीचा सगळा कारभार नव्यानं बांधला.

त्याच सुमारास बेंडिक्स कंपनीतल्या जॉन मॉरेल या शास्त्रज्ञानं एक साधी वाटणारी, पण फार खोल गोष्ट मांडली. टक्कर टाळायची तर अंतर मोजू नका, वेळ मोजा. याला खेड्यातला दाखला देतो. आमच्याकडून नागपूर-रायपूर हायवे जवळ. तो ओलांडणारी म्हातारी समोरून पन्नास पावलांवर बैलगाडी दिसली तर निवांत चालत जाते. तेवढ्याच अंतरावर ट्रक दिसला तर जागीच थांबते. अंतर तेच, पण तिचं मन अंतर मोजत नाही. तो माझ्यापर्यंत किती वेळात पोचेल, हे मोजतं. म्हातारीला जे न शिकता येतं ते यंत्राला शिकवायला जगाला पंचवीस-तीस वर्षं लागली.

मधल्या काळात किंमत चुकवणं चालूच होतं. १९७६ मध्ये युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबवर दोन प्रवासी विमानं धडकली आणि एकशे शहात्तर माणसं मेली. १९७८ मध्ये सॅन दिएगोवर, १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस या वस्तीवर मोठ्या विमानाची छोट्या खाजगी विमानाशी टक्कर झाली. सेरिटोसला तर घरांत बसलेली माणसंही गेली. त्यानंतर अमेरिकेच्या संसदेनं कायदाच केला. तीसहून जास्त आसनांच्या प्रवासी विमानात हे यंत्र हवंच, आणि १९९३ च्या अखेरीपर्यंत हवं. त्या यंत्राला वैमानिक टीकॅस म्हणतात.

ते चालतं कसं? प्रत्येक मोठ्या विमानात ट्रान्सपाँडर नावाची एक पेटी असते. कुणी रेडिओ लहरींनी विचारलं, की ती उत्तर देते, मी इथे, या उंचीवर. टीकॅस आजूबाजूच्या विमानांना साधारण दर सेकंदाला हाक मारतं, आलेल्या उत्तरांवरून कोण किती वेळात जवळ येईल याचा हिशेब करतं. टक्करीला पाऊण मिनिटाच्या आसपास उरलं, की कॉकपिटमध्ये आवाज येतो, ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’. म्हणजे सावध राहा, बाहेर बघा. आणखी जवळ आलं, साधारण वीस-तीस सेकंद उरले, की हुकूम येतो, ‘क्लाइंब, क्लाइंब’ नाहीतर ‘डिसेंड, डिसेंड’. वर जा, किंवा खाली जा. वैमानिकानं पाच सेकंदांच्या आत त्याप्रमाणे विमान वळतं करायचं असतं. डावीकडे किंवा उजवीकडे जा, असं हे यंत्र सांगत नाही. त्याला दिशेचा अंदाज तितका नेमका येत नाही. उंची मात्र नेमकी कळते, म्हणून त्याचं सगळं बोलणं वर-खालचं.

यातली खरी हुशारी पुढे आहे. अरुंद धुऱ्यावर दोन माणसं समोरासमोर आली की काय होतं, आठवा. हा डावीकडे सरकतो, तोही त्याच बाजूला सरकतो. मग दोघं दुसऱ्या बाजूला. आपण हसतो आणि जातो. आभाळात हसायला वेळ नसतो. म्हणून दोन विमानांतली दोन यंत्रं आधी आपसात बोलतात. एकानं ‘मी माझ्या माणसाला वर पाठवतो’ म्हटलं की दुसरं आपल्या वैमानिकाला खालीच जायला सांगतं. जमिनीवरच्या कुणालाही न विचारता हा करार होतो. दोन्ही वैमानिकांनी आपापल्या यंत्राचं ऐकलं तर ती दोघं एकमेकांपासून दूर जाणारच. दोघांनी ऐकलं तर. या दोन शब्दांवर पुढचा सगळा इतिहास उभा आहे.

१२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीच्या पश्चिमेला, हरयाणातल्या चरखी दादरी या गावाचं आभाळ. वेळ संध्याकाळची, पावणेसात वाजत आलेले. सौदी अरेबियाच्या कंपनीचं बोईंग ७४७ दिल्लीहून निघालं होतं. त्यात तीनशे बारा माणसं होती, आणि त्यातली बहुसंख्य आखाती देशांत पोटापाण्यासाठी निघालेली आपली माणसं. कुणी सुतार, कुणी ड्रायव्हर, कुणी सुट्टी संपवून परत कामावर निघालेला. आमच्या भागातल्या मोहल्ल्यांतूनही अशी मुलं जातात. कर्ज काढून व्हिसा, नवी कोरी बॅग, आईनं बांधून दिलेलं लोणचं. त्या विमानातल्या माणसांचा विचार करताना मला आकडा दिसत नाही, त्या बॅगा दिसतात.

समोरून कझाकस्तानचं इल्युशिन विमान दिल्लीत उतरायला येत होतं. त्यात सदतीस माणसं. नियंत्रकानं त्याला पंधरा हजार फुटांपर्यंत उतरायची परवानगी दिली होती आणि सौदी विमानाला चौदा हजारांवर ठेवलं होतं. मध्ये एक हजार फूट. समोरून विमान येतंय, हेही त्यानं कझाक विमानाला सांगितलं, किती मैलांवर आहे तेही सांगितलं. कागदावर सगळं बरोबर होतं.

पण कझाक विमान पंधरा हजारांवर थांबलं नाही. ते उतरतच राहिलं. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचं काम वैमानिक करत नव्हता, रेडिओ ऑपरेटर करत होता. त्याच्यासमोर उंची दाखवणारा काटा नव्हता. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला तो बघावा लागायचा. त्यांना मीटरची सवय, इथे बोलणं फुटांत. इंग्रजी जेमतेम. शेवटच्या क्षणी ऑपरेटरच्या लक्षात आलं, की आपण पंधरा हजारांच्या खाली आहोत. तो वैमानिकांना वर व्हायला सांगू लागला आणि विमान किंचित वर उचललं गेलं. तसं उचललं नसतं तर कदाचित ते सौदी विमानाच्या खालून निसटून गेलं असतं, असं नंतर म्हटलं गेलं. मला वाटतं, या सबंध हकिकतीतलं सगळ्यांत जीवघेणं वाक्य हेच.

त्या भागात उडत असलेल्या एका अमेरिकी लष्करी विमानाच्या वैमानिकाला ढगांत मोठा उजेड दिसला आणि त्यानं दिल्लीला कळवलं. नियंत्रक दोन्ही विमानांना हाका मारत राहिला. उत्तर आलं नाही. तीनशे एकोणपन्नास माणसं गेली. दोन विमानांच्या टक्करीत हवेत इतकी माणसं जगात कधीही गेलेली नाहीत. तो आकडा आजही आपल्याच देशाच्या नावावर आहे.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशी आयोगानं कझाक वैमानिकांना मुख्य दोष दिला. लाहोटी तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात होते, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. पण त्या चौकशीतून आपल्या व्यवस्थेचे दारिद्र्यही बाहेर आले. दिल्लीच्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलाकडे, त्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना एकच वाट. नियंत्रकाच्या पडद्यावर विमान कुठे आहे ते दिसायचं, पण किती उंचीवर आहे ते दिसायचं नाही. उंची समजायची ती वैमानिक सांगेल तीच. म्हणजे १९९६ साली देशाच्या राजधानीत, उंचीच्या बाबतीत आपण अजून नागपूरच्या टपाल विमानांच्याच काळात होतो. दिलेल्या शब्दाच्या काळात. उंचीसुद्धा दाखवणारा रडार घेतलेला होता, पण तो कामाला लागायचा होता. आणि त्या दोन्ही विमानांत टीकॅस नव्हतं.

त्यानंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, नवा रडार चालू झाला आणि भारताच्या आकाशात उडणाऱ्या मोठ्या विमानांना टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. ही सक्ती करण्यात आपण जगातल्या पुष्कळ देशांच्या पुढे होतो. यात अभिमान वाटून घ्यावा की नाही, मला कळत नाही.

इथपर्यंतची गोष्ट यंत्र नसण्याची. आता यंत्र असूनही काय झालं ते ऐका.

३१ जानेवारी २००१ रोजी जपानमध्ये, एकाच कंपनीची दोन मोठी विमानं एकमेकांकडे निघाली होती. नियंत्रण कक्षातल्या शिकाऊ नियंत्रकाकडून विमानांच्या क्रमांकांत गफलत झाली आणि भलत्याच विमानाला खाली उतरण्याची सूचना गेली. त्या विमानातलं यंत्र म्हणत होतं वर जा. वैमानिकानं माणसाचं ऐकलं. तो उतरत राहिला. दुसऱ्याच्या यंत्रानंही त्याला खालीच जायला सांगितलं होतं, म्हणजे धुऱ्यावरची दोन माणसं एकाच बाजूला सरकली. शेवटी डोळ्यांनी दिसल्यावर हिसका देऊन विमान वाचवलं. त्या हिसक्यानं आतली शंभरेक माणसं जखमी झाली, पण सगळी जिवंत राहिली. दोन्ही विमानांत मिळून सहाशेहून जास्त माणसं होती. यंत्र आणि नियंत्रक उलटसुलट बोलले तर कुणाचं ऐकायचं, याचा जगानं तेव्हाच ठाम निकाल लावायला हवा होता. तो लागला नाही.

दीड वर्षानं, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीच्या दक्षिणेला युबरलिंगेन नावाच्या गावावर तीच गोष्ट पुन्हा घडली. एक रशियन प्रवासी विमान बार्सिलोनाला चाललं होतं. त्यात बहुतेक शाळकरी मुलं होती, उफा शहरातली, सुट्टीवर निघालेली. दुसरं मालवाहू बोईंग, त्यात दोघंच वैमानिक. दोघंही छत्तीस हजार फुटांवर. त्या भागाचं नियंत्रण स्वित्झर्लंडमधल्या झुरिकहून होत होतं. रात्रीच्या पाळीला कक्षात एकच नियंत्रक जागा होता, सोबती विश्रांतीला गेला होता. रडारच्या व्यवस्थेवर दुरुस्तीचं काम चालू, मुख्य टेलिफोन लाइन बंद. शेजारच्या जर्मन केंद्राला धोका दिसला होता, पण त्यांचा फोन लागेना. आणि हा एकटा माणूस दोन पडद्यांमध्ये धावपळ करत एका तिसऱ्या विमानाला उतरवण्यात गुंतला होता.

धोका लक्षात येताच त्यानं रशियन विमानाला सांगितलं, खाली उतर. त्यांनी उतरायला सुरुवात केली. अवघ्या काही सेकंदांत त्यांच्या यंत्रानं सांगितलं, वर जा. त्याच क्षणी बोईंगच्या यंत्रानं बोईंगला सांगितलं, खाली जा. बोईंगनं यंत्राचं ऐकलं. रशियन वैमानिकांसमोर दोन आवाज होते. एक माणसाचा, जो त्यांना नावानं हाक मारत होता आणि पुन्हा बजावत होता. दुसरा यंत्राचा. कॉकपिटमधल्या एकानं म्हटलंही, की हे तर वर जायला सांगतंय. पण त्यांच्या पुस्तकात हे दोन आवाज भांडले तर कोण मोठा, हे निःसंदिग्ध लिहिलेलं नव्हतं. त्यांनी माणसाचा शब्द पाळला. दोन्ही विमानं शिस्तीनं एकत्र खाली उतरत गेली आणि पस्तीस हजार फुटांच्या जरा खाली, रात्रीच्या काळोखात, एकमेकांना भिडली. एकाहत्तर माणसं गेली.

नियंत्रकाला ठाऊकच नव्हतं, की यंत्रानं बोईंगला खाली जायला सांगितलंय. आपण वेळेत वाचवलं असं समजून तो दुसऱ्या पडद्याकडे वळला होता. पुढे २००४ च्या फेब्रुवारीत, बायको आणि दोन मुलं त्या विमानात गमावलेल्या एका बापानं त्याच्या घरी जाऊन त्याचा खून केला. एका रात्रीची फाटलेली शिवण किती घरं उसवत गेली, बघा. मी कवी माणूस. या घटनेवर लिहायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्या दोघांपैकी कुणाच्याही बाजूनं एक ओळ पुढे सरकत नाही.

या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेनं २००३ मध्ये नियम स्वच्छ केला. यंत्रानं हुकूम दिला की वैमानिकानं तोच पाळायचा, नियंत्रक उलट सांगत असला तरी. आणि वैमानिकानं तसं कळवल्यावर नियंत्रकानं त्या विमानाला वेगळी सूचना द्यायची नाही. त्यानं त्या घटकेपुरतं गप्प राहायचं. नियंत्रकाला गप्प बसवणारा हा नियम ऐकायला विचित्र वाटतो. पण नियंत्रकाच्या पडद्यावरचं चित्र काही सेकंदांनी शिळं असतं, यंत्राचं ताजं असतं, आणि मुख्य म्हणजे यंत्राचं समोरच्या यंत्राशी बोलणं झालेलं असतं. नियंत्रकाचं तसं झालेलं नसतं. यंत्राच्या हिशेबातही सुधारणा झाली. समोरचा वैमानिक सांगितल्याच्या उलट वागतोय असं दिसलं, तर नव्या आवृत्तीतलं यंत्र आपला हुकूम फिरवतं. माणूस ऐकणार नाही, हे त्यानंही गृहीत धरलं म्हणायचं.

म्हणजे आता भरवसा पुरा झाला? नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलच्या ॲमेझॉन जंगलावर एक नवं कोरं प्रवासी बोईंग आणि एक छोटं खाजगी जेट सदतीस हजार फुटांवर समोरासमोर आले. दोन्हींत यंत्र होतं, दोन्ही यंत्रं मुकी राहिली. कारण खाजगी जेटचा ट्रान्सपाँडर नकळत बंद पडला होता. हाक मारली तर उत्तर देणाराच नाही, मग यंत्राच्या लेखी समोर आकाश मोकळं. जेटच्या पंखाच्या टोकानं बोईंगचा पंख कापला. बोईंगमधली एकशे चोपन्न माणसं गेली, जेट मात्र उतरलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते फक्त बोलणाऱ्यालाच ओळखतं.

आता आपल्या मुलखात या. ७ फेब्रुवारी २०१८ च्या संध्याकाळी मुंबईच्या नियंत्रणाखालच्या आकाशात एअर इंडियाचं मुंबईहून भोपाळला निघालेलं विमान आणि विस्ताराचं दिल्लीहून पुण्याला येणारं विमान एकमेकांकडे येत होते. एक चढत होतं, एक उतरत होतं. सत्तावीस हजार फुटांच्या आसपास दोघांमधलं उभं अंतर शंभर फुटांच्या घरात आलं. आडवं अंतर तीनएक किलोमीटर. म्हणजे सेकंदांचा मामला. तेव्हा वर्तमानपत्रांतून आलेल्या माहितीप्रमाणे दोन्ही विमानांत मिळून अडीचशेहून जास्त प्रवासी होते. कुणाला किती उंचीवर राहायला सांगितलं होतं, यावर दोन्ही बाजूंची म्हणणी वेगळी आली. म्हणजे पुन्हा दिलेल्या आणि ऐकलेल्या शब्दाचाच घोळ. पण या वेळी दोन्ही कॉकपिटमध्ये यंत्र बोललं आणि दोन्हीकडे ऐकलं गेलं. एअर इंडियाचं विमान कॅप्टन अनुपमा कोहली चालवत होत्या. हुकूम येताच त्यांनी विमान वर काढलं. प्रवाशांना पोटात जरासा गोळा आला असेल, इतकंच. आता त्या दोन्ही कंपन्याही २०२४ मध्ये एक झाल्या आहेत.

चरखी दादरी आणि ही संध्याकाळ मी शेजारी ठेवून बघतो. उंचीचा गोंधळ दोन्हीकडे होता. बावीस वर्षांत माणूस फारसा बदलला नाही. त्याच्या मध्ये एक दुसरा आवाज आला, आणि त्या आवाजाला मान द्यायचा हे ठरलं. पारावरच्या तिसऱ्या गृहस्थाला मी म्हणेन, मशीनचा भरवसा आहे, पण तो मशीनपुरता. ऐकणारा कोण, समोरचा बोलतोय का, आणि दोन आवाज भांडले तर मोठा कोण हे आधी ठरलंय का, यावर उरलेला भरवसा. वैमानिकांना म्हणूनच बनावट कॉकपिटमध्ये बसवून हा सराव पुन्हापुन्हा देतात. विचार करायला पाच सेकंद पुरत नाहीत, हातालाच सवय लागावी लागते. काही नव्या एअरबस विमानांत तर हुकूम आला की स्वयंचलित चालकच तो पाळतो, वैमानिकानं नजर ठेवायची. यंत्र कधीकधी उगाच ओरडतं, अशीही वैमानिकांची तक्रार असते. दोन विमानं वेगानं चढत-उतरत आपापल्या मजल्यावर थांबणार असतील, तरी त्याला वाटतं ती थांबणार नाहीत. म्हणून ठरलेला मजला जवळ आला की चढण्या-उतरण्याचा वेग कमी करा, असं आता वैमानिकांना सांगितलेलं असतं.

आणि एक जागा अशी आहे, जिथे हे यंत्र मुद्दाम अर्धवट गप्प बसवलेलं असतं. जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली ते वर-खालचा हुकूम देत नाही. उतरणाऱ्या विमानाला तिथे ‘खाली जा’ म्हणणं म्हणजे जमिनीवर आपटायला लावणं. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये नदीवरून उतरणारं एक प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर तीनशे फुटांच्या आसपास धडकले. सदुसष्ट माणसं गेली. प्रवासी विमानातल्या यंत्रानं वीसेक सेकंद आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ म्हटलं होतं. त्यापुढे त्याला बोलायची मुभा नव्हती. तिथे उरले होते ते फक्त डोळे, रेडिओवरचा शब्द आणि काळोख.

आमच्यापासून जवळ, गोंदियाच्या बिरसी विमानतळावर, वैमानिक होऊ पाहणारी मुलं-मुली छोट्या विमानांतून शिकतात. मोठ्या विमानांना सक्तीचं असलेलं हे यंत्र असल्या लहान विमानांना सक्तीचं नाही. त्यांना सुरुवातीलाच शिकवतात ते मान वळवून बाहेर बघायला, आणि आपण कुठे, किती उंचीवर आहोत ते रेडिओवर मोठ्यानं, खरं खरं सांगायला.